यरीहो बँडचा वरचा सा

११ जानेवारी, शनिवार

नवीन वही. मी रक्त काढायला असते त्या लॅबमध्ये एका औषधकंपनीच्या माणसानं दिली, मुखपृष्ठावर त्यांच्याच अ‍ॅसिडिटीच्या गोळीची जाहिरात आहे. यंदा आमच्या बँडचा अल्बम रेकॉर्ड व्हायचाय. पुढे कोणी काय बिघडवलं यावर भांडणं होणार हे नक्की, म्हणून आत्तापासून लिहून ठेवते. पुरावा माझ्याकडे असलेला बरा.

बँडचं नाव यरीहो. बायबलमध्ये यरीहो शहराची भिंत कर्णे फुंकून पाडली होती. आम्ही नऊ वर्षांत एका भिंतीचा पोपडासुद्धा पाडलेला नाही. गाणी प्रभूची आणि चाल स्काची. स्का म्हणजे जमैकाकडचं संगीत. त्यात गिटार ठोक्यावर वाजत नाही, दोन ठोक्यांच्या मधे 'चक्' करते, आणि वर आम्ही ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले. पाय जागेवर राहत नाहीत. अख्ख्या इंदूरमध्ये हे दुसरं कोणी करत नाही, त्यामुळे आम्हीच पहिले आणि आम्हीच शेवटचे. चर्चमधले म्हातारे म्हणतात, उपासना आहे की बारात? त्यांना काय, त्यांना झोप मोडली की पाप वाटतं.

माणसं लिहून ठेवते. रजत, माझा मावसभाऊ, गिटार आणि गाणं. बेंगळुरूला इंजिनियरिंगला गेला आणि स्का शिकून परत आला. इंजिनियरिंग तिथंच राहिलं. सरोजिनीबाई, आमच्या पाळकांची बायको, कीबोर्ड. देवानं दहा बोटं दिली, त्यातली चार वापरतात. शिखा ड्रमवर. नचिकेत ट्रॉम्बोन, सत्तावीस वर्षांचा, माझ्या हाताखाली शिकला आणि तरी असा. आणि मी इरावती आढाव, वय चव्वेचाळीस, ट्रम्पेट. बाबा महूला फौजी बँडमध्ये होते, हा ट्रम्पेट त्यांचा. बँड कोण चालवतं ते लिहायची गरज नाही.

आठ गाणी करायची, आणि वीस एप्रिलला ईस्टरच्या पहाटे चर्चच्या अंगणात सगळ्यांना ऐकवायची.

रिहर्सलनंतर मंडळी तळलेला गराडू कंद खायला गेली. मी नाही गेले. ते तेल किती दिवसांचं असतं ते या लोकांना कोण सांगणार.

१६ जानेवारी

डेंटिस्टकडे जाऊन आले. वरचा पुढचा दात दोन महिने हलतोय. डॉक्टर म्हणजे कालची पोर. एक्स-रे बघून म्हणाली, "मॅम, हड्डी गल गई है. काढावाच लागेल. शेजारचाही."

मी म्हटलं, मी ट्रम्पेट वाजवते. माऊथपीस तिथंच दाबला जातो.

"फिर तो वो अब भूल जाइए," म्हणाली. भाजीवाल्याला सांगावं तसं, की आज मेथी नको. नवीन दात बसवल्यावर? तर म्हणे हाड इतकं पातळ आहे की दाब सोसणार नाही. आणि आता वाजवत राहिलात तर एप्रिलपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

टिकेल. आठ गाण्यांपुरता टिकला की झालं. मग हा काढा, शेजारचा काढा, सगळी बत्तिशी काढून हातात द्या. नऊ वर्षं वाजवलं त्याची खूण म्हणून कुठंतरी माझा आवाज राहिला पाहिजे. मोबाइलवर कोणीतरी हलत्या हातानं काढलेले व्हिडिओ सोडून.

कुणालाही सांगितलेलं नाही. सांगितलं की लगेच हात धरून प्रार्थना सुरू करतील.

२५ जानेवारी

पहिला दिवस स्टुडिओचा. स्टुडिओ म्हणजे मल्हारगंजच्या गल्लीत साड्यांच्या गोदामावर एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मालक यशवर्धन. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते म्हणे, त्यांचा तलवार धरलेला फोटो मिक्सरच्या वर लावलाय. तलवार गेली, मिशी गेली, हा हेडफोन लावून "भिया, एक और टेक" करत बसतो.

प्रत्येक टेकच्या आधी आमची मंडळी डोळे मिटून प्रार्थना करतात. मी तेवढ्यात बाहेर जिन्यावर जाऊन ओठ गरम करते, म्हणजे लवंगेच्या पाण्यानं गुळण्याही करते. आत येईपर्यंत 'आमेन' झालेलं असतं आणि लगेच रजत चार मोजून गाणं सुरू करतो. यशवर्धनची पंचाईत अशी की प्रार्थनेच्या मधे "रेकॉर्ड चालू करतो" म्हणून ओरडता येत नाही. म्हणून तो आधीच बटण दाबून गप्प बसतो.

दोन गाणी झाली. शिखाला मी म्हटलं, ड्रम वाजवतेस की भाकरी थापतेस? तिनं काठ्या खाली ठेवल्या. "दीदी, घरी सासू आहे मला. तेवढी बस आहे." पर्स उचलली आणि गेली. सासूचा इथं काय संबंध कळलं नाही. लोकांना शिस्त नको, कौतुक हवं. ड्रम आता यशवर्धन कॉम्प्युटरवर लावणार. कॉम्प्युटरला सासू नाही, हे एक बरं.

८ फेब्रुवारी

रजतची नवी नाटकं. चौथं आणि पाचवं गाणं एक पट्टी खाली घेऊ म्हणतो. "ताई, माझा गळा वर जात नाही गं आजकाल." मी चांगली झाडली त्याला, पण गाणारा तोच, करणार काय. घेतलं खाली. आणि काल रविवारच्या तयारीला हेच गाणं जुन्या पट्टीत मस्त गळा सोडून गात होता! लहरी माणूस. आळशी तर आहेच.

सरोजिनीबाई दर वेळी डबा आणतात. कधी शिरा, कधी लापशी, आज मुगाची खिचडी, ती पण गिच्च. सगळं मऊ मऊ. बाईंचे दात गेले असणार, साठी जवळ आलीच की. पण आपल्याला चावता येत नाही म्हणून सगळ्यांना लापशी? मी दोन वाट्या खाल्ल्या, वाया जाऊ नये म्हणून.

आणि नचिकेत. सूर खाली! पाचव्या गाण्याच्या शेवटी आम्हा दोघांना वरचा सा धरायचाय, सोळा ठोके. आठव्या ठोक्यानंतर त्याचा ट्रॉम्बोन कीबोर्डपासून सुटतो आणि उतरायला लागतो. ट्रॉम्बोनची नळी पुढं-मागं सरकवता येते, केसभर सरकली तरी सूर बदलतो, आणि याचा हात झोपेत सरकतो. मी विचारलं, कान आहेत की सुपं?

"सॉरी दीदी," म्हणाला. नेहमीसारखं खाली बघून.

१५ फेब्रुवारी

पाचव्या गाण्याचे अकरा टेक. अकराही वेळा शेवटचा सा उतरला. नाचता येईना अंगण वाकडं, पण याला अंगणालाही नाव ठेवता येत नाही, नुसता उभा. शेवटी मी सांगितलं, नचिकेत, घरी जा. या अल्बममध्ये तू नाहीस.

त्यानं ट्रॉम्बोनच्या नळीला तेल लावलं, पुसून पेटीत ठेवला, यशवर्धनशी हात मिळवला. मला "येतो दीदी" म्हणाला. मी मान हलवली नाही. सात वर्षं शिकवलं त्याला! गाढवाला गुळाची चव काय.

सरोजिनीबाई म्हणाल्या, "इरा, तू चुकतेयस." मी म्हटलं, पाळकीणबाई, तुम्ही आधी पाचवं बोट वापरायला शिका. रजत खिडकीबाहेर बघत होता. बाहेर साड्यांची गाठोडी उतरवत होते, त्यात बघण्यासारखं काय होतं कोण जाणे.

घरी आल्यावर आरशात पाहिलं तर हिरडीतून रक्त.

५ मार्च, राखेचा बुधवार

उपासाचे चाळीस दिवस सुरू. पाळकांनी प्रवचनात सांगितलं, या काळात माणसानं जिभेचा उपास करावा. सरोजिनीबाईंनीच सांगितलं असणार त्यांना. मी पहिल्या बाकावर बसून त्यांच्याकडेच रोखून बघत होते.

रजत म्हणतो माणूस मिळालाय. चौदा तारखेनंतर येईल, कारण मग महिनाभर लग्नांचे मुहूर्त नाहीत. मी विचारलं, मुहूर्ताचा काय संबंध? तर बारातीच्या बँडमध्ये वाजवतो म्हणे. वा! म्हाताऱ्यांचं खरं झालं.

१५ मार्च

आला तो. निशांत. मल्हारगंजातलाच, वडिलांपासून बँडचा धंदा. ट्रॉम्बोन नाही, ट्रम्पेटच वाजवतो. मी रजतला म्हटलं, दोन ट्रम्पेट कशाला? "दुसरा आवाज ताई, भरलेलं वाटेल." माझ्याकडे न बघता म्हणाला.

निशांतनं माइकला हात लावून कपाळाला लावला. मग विचारलं, "गाना किस भगवान का है?"

"येशू का," रजत.

"अच्छा. खुशी का है कि विदाई का?"

"दोनों."

"ठीक है." आणि पहिल्याच फेरीत मधला ठोका पकडला! आम्हाला तो पकडायला एक वर्ष लागलं होतं. "मॅडमजी, ये तो घोड़ी नचाने वाला है, थोड़ा लेट करके." येशूचं पुनरुत्थान आणि याची घोडी. आवाज मोठा आहे, अगदी चौकातून चौकात जाईल असा. नजाकत शून्य. कागदावरची सरगम वाचता येत नाही, मी गाऊन दाखवायची आणि यानं तोंडपाठ करायची. बाबा असते तर असल्या माणसाला बँडच्या खोलीत पाय ठेवू दिला नसता.

१९ मार्च, रंगपंचमी

रंग उधळत जाणारी गेर निघाली, मल्हारगंज-राजवाडा सगळं बंद. निशांत एका ट्रकवर वाजवतोय, लोकल चॅनलवर दिसला, जांभळा. मी घरात बसून वरचा सा धरून पाहिला. दहाव्या ठोक्याला दात असा हलला की डोळ्यांसमोर काजवे चमकले. माऊथपीस थोडा उजवीकडे सरकवला तर कमी दुखतं. आवाज थोडा दबतो, पण माइक जवळ घेतला की झालं.

२२ मार्च

पाचवं गाणं पुन्हा. नचिकेत नाही तरी शेवट बिघडतोच! उलट आता जास्त वाईट. दोन ट्रम्पेट सोळा ठोके एकमेकांना फाडतात, नव्या कापडासारखं टर्रकन ऐकू येतं. मी निशांतला म्हटलं, वर जाऊ नकोस, हा राजवाडा नाही.

"मैं तो कीबोर्ड के सुर पे हूँ, मॅडमजी."

"म्हणजे मी नाही?"

निशांत ट्रम्पेटमधलं पाणी झटकू लागला. सरोजिनीबाई चष्मा पुसत बसल्या. मी यशवर्धनला सांगितलं, जानेवारीपासूनचे सगळे कच्चे टेक मला पेन ड्राइव्हवर दे, प्रत्येकाचा आवाज वेगळा. कोण चुकतंय ते मी घरी बसून दाखवून देते.

"दीदी, रहने दो ना."

"का?"

"ऐसे ही. उसमें क्या रखा है."

दे म्हटलं तर दे. दिला. हात दाखवून अवलक्षण करून घेतील आता. एकेकाचं नाव, गाणं, ठोका, सगळं लिहून पुढच्या शनिवारी वाचून दाखवणार आहे.

२३ मार्च, रविवार

चर्चला गेले नाही. सकाळपासून हेडफोन लावून बसले. जसं झालं तसं लिहिते.

आधी निशांतचा आवाज वेगळा काढून कीबोर्डबरोबर लावला. स्वच्छ. मग नचिकेतचे फेब्रुवारीचे टेक. आठव्या ठोक्यानंतर उतरतो. मी म्हटलं, बघा! मग माझा आवाज लावला, फक्त माझा, कीबोर्डबरोबर.

मी सातव्या ठोक्याला उतरते. तो आठव्याला.

तीनदा ऐकलं. वाटलं, यशवर्धनचं काही यंत्र बिघडलंय. मग दुसरा टेक, तिसरा, आठवा. दर वेळी आधी मी, मग तो. जेवढी मी उतरते तेवढाच तो उतरतो, ना कमी ना जास्त. झोपेत हात सरकला तर इतका मोजून सरकत नाही.

नवव्या टेकची फाइल मी सुरुवातीपासून लावली. यशवर्धन प्रार्थनेतच बटण दाबतो, त्यामुळे आधीची दोन मिनिटं त्यात होती. मी जिन्यावर गुळण्या करत होते तेव्हाची. सरोजिनीबाईंचा आवाज. "प्रभू, इराच्या दाताला आजच्या दिवसापुरतं बळ दे. तिला दुखतंय आणि ती सांगत नाही. तिचं रेकॉर्डिंग होऊ दे." सगळे म्हणाले, आमेन. मग यशवर्धन, "भिया, ट्रॉम्बोन शेवटी खाली येतोय." आणि नचिकेत, हळू, "माहिती आहे. दीदी खाली येते, म्हणून मी तिच्याबरोबर येतो. मी वर राहिलो तर तिचंच फाटलेलं ऐकू येईल. असं एकत्र उतरलं तर वाटतं, गाण्यातच आहे." मग रजत, "बोलू नका, आली."

आणि दार उघडल्याचा आवाज, आणि मी. "झालं का देवाला त्रास देऊन?"

माझाच आवाज. असा आहे मला माहीत नव्हतं.

२४ मार्च

रात्रभर अंगाचा तिळपापड. दया! मला दया दाखवतात! ती लापशी माझ्यासाठी होती. ती पट्टी माझ्यासाठी खाली आली. दोन महिने हे लोक माझ्यासमोर आंधळी कोशिंबीर खेळत होते आणि डोळ्यांवर पट्टी माझ्या. तोंडावर सांगायची छाती एकाची नाही. घाबरट कुठले!

लॅबमध्ये एका बाईची शीर तीनदा चुकले. असं कधी होत नाही. सॉरी म्हटलं. तिनं म्हटलं, होतं हो कधी कधी, तुमचं काही दुखतंय का? सगळ्या जगाला दिसतंय वाटतं.

२७ मार्च

अर्धी रजा टाकून सांवेरला गेले, बसनं. नचिकेत तिथं बी-बियाण्यांच्या दुकानात बसतो. मला बघून उभा राहिला, हातात सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं.

"बैस," मी म्हटलं. "तू खाली का आलास?"

त्याला काय विचारतेय ते लगेच कळलं. "तुम्हीच शिकवलंय ना दीदी. ब्रासमध्ये जो पुढं असतो त्याचा सूर धरायचा. तो चुकला तरी त्याचाच."

हो, शिकवलंय. बाबांनी मला शिकवलं, मी त्याला. चालत्या बँडमध्ये मास्तर बेसूर झाला तर सगळ्यांनी त्याच्याबरोबर बेसूर व्हायचं, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला कळत नाही.

"कधीपासून माहीत होतं?"

"नाताळपासून. तुम्ही केक चहात बुडवून खात होतात. तुम्हाला तर सुका केक आवडतो."

"आणि मी हाकललं तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही?"

"काय बोलणार? बोललो असतो तर तुम्ही वाजवणं सोडलं असतं." मग पोत्याची शिवण खाजवत म्हणाला, "पण राग आला होता. खूप. अजून आहे."

हे ऐकून बरं वाटलं, का ते माहीत नाही. मी म्हटलं, शनिवारी ये. कीबोर्डच्या सुरात वाजव. मी कुठंही गेले तरी तू हलायचं नाही.

"दीदी, मग तुमचं—"

"माझं मी बघीन. एक केसभर जरी खाली आलास तर तो ट्रॉम्बोन तुझ्या डोक्यात घालीन."

माफी मागायची होती. बस आली.

२९ मार्च

सगळे होते. प्रार्थनेच्या वेळी मी बाहेर गेले नाही. सरोजिनीबाईंना काय बोलावं सुचेना, इतकी वर्षं माझ्या पाठीमागेच बोलायची सवय. नुसतं "प्रभू, आम्ही सगळे इथे आहोत" म्हणून संपवलं. बरोबर मोजलं होतं त्यांनी, सगळे होतो.

पाचवं गाणं. मी, नचिकेत, कीबोर्ड. रजतला म्हटलं, जुन्या पट्टीत घे, तुझा गळा बरा आहे ते मला ठाऊक आहे. तो लाल झाला.

वाजवलं. शेवटचा सा. सहाव्या ठोक्याला मी उतरायला लागले, आणि नचिकेत जागेवर थांबला. मला तो वर राहिलेला ऐकू येत होता आणि मी खाली जात होते, आणि ओठ किती दाबले तरी वर येता येईना. दहाव्याला माझा आवाज तुटला. तो पोरगा सोळापर्यंत एकटा उभा राहिला, डोळ्यांतून पाणी आणि सूर सरळ.

यशवर्धननं परत लावून ऐकवलं. कोणी माझ्याकडे बघेना. मग तो म्हणाला, "दीदी, टेन्शन मत लो. कॉम्प्युटर पे सुर खींच के सीधा कर देता हूँ. दोन मिनिटं. कुणाला कळणार नाही."

दोन मिनिटं. मी खोटं कशाला लिहू, मला हवं होतं ते. माझं नाव, माझा ट्रम्पेट, सोळा ठोके, कायमचे. तोंडापर्यंत 'कर' आलं होतं. पण मग तो आवाज यशवर्धनच्या मशीनचा, आणि त्याच्याखाली मला माहीत असलेला माझा.

"काढ," मी म्हटलं.

"पूरा?"

"पहिल्या तीन गाण्यांत मी बरी आहे, ती राहू दे. बाकी पाचातून मला काढ. निशांत, इकडे ये. माझ्या जागी उभा राहा."

निशांत रजतकडे बघू लागला. मी म्हटलं, तिकडे काय बघतोस, बँड कोण चालवतं? मग दोन तास त्याला ओळ गाऊन दाखवली. तो विचारायला लागला, मॅडमजी, इथं तुम्ही श्वास कुठं घेता? तिसऱ्या शब्दानंतर की चौथ्या? इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी दाखवलं. त्यानं जसाच्या तसा घेतला, खांदे उचलायची माझी वाईट सवयसुद्धा. त्यावर त्याला ओरडले.

जाताना नचिकेतला म्हटलं, त्या दिवशी मी चुकले. त्यानं "हओ" म्हटलं. एवढंच. बराच खडूस झालाय, माझ्यावर गेला.

५ एप्रिल

दोन्ही दात काढले. तोंडात कापूस, बोलायचं नाही. संध्याकाळी सरोजिनीबाई लापशी घेऊन आल्या, रजतही आला. तासभर बसला आणि म्हणाला, "ताई, किती शांत वाटतंय गं." वही फेकून मारली. हीच वही. कोपरा दुमडला.

ट्रम्पेट पेटीत घालून कपाटावर ठेवला. मग खाली काढला, पुसला, परत ठेवला. वाईट वाटतंय. खूप वाईट वाटतंय. कापूस चावून रडताही येत नाही धड.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे पाचला अंगणात सगळे. म्हातारे पुढच्या खुर्च्यांवर, कानटोप्या घालून, एप्रिलमध्ये! लग्नं परत सुरू झालीत, निशांत रात्रीची बारात आटपून तसाच आला, लाल कोट, सोनेरी झालर, डोक्याला तुरा. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की बस. शिखाही आली होती, सासूला घेऊन. सासू बरी वाटली.

रजतनं स्पीकर लावला. पहिली तीन गाणी माझी. ठीक आहेत. दुसऱ्यात मी खरंच चांगली आहे, हे मी म्हणत नाही, पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचा पाय म्हणत होता.

पाचवं आलं. शेवटचा सा जवळ आला तसे माझे ओठ आपोआप घट्ट झाले. मी मोजत होते. सहा, सात, आठ. वाट बघत होते उतरेल म्हणून. खरं लिहायचं तर मनातून वाटत होतं, उतरावा. एकदाच, थोडासा. नाही उतरला. दहा, बारा, सोळा. नचिकेत त्याच्याबरोबर, दोघं एकाच जागी. इतका सुंदर होता तो सा. तो असा वाजायला हवा होता हे मला नऊ वर्षं माहीत होतं आणि मला तो कधी आला नाही, दात चांगले होते तेव्हासुद्धा.

मी रडले. सरोजिनीबाईंनी हात धरला, धरू दिला. उद्या कोणी विचारलं तर सांगेन, टाके दुखत होते.

सगळं संपल्यावर निशांत आला, तुरा हातात, पाया पडायला वाकला. "मॅडमजी, ठीक था?"

मी म्हटलं, दुसऱ्या ओळीत घाई करतोस.

खरंच करतो.